फोटोतून पुसलेली बाई

पत्र असं आहे:

काका, नमस्कार. मी इंदूरचीच. लग्नाचे फोटो काढते, अधूनमधून एका हिंदी पेपरला फोटो देते आणि वेळ उरला की स्वतःसाठी काढते. यंदा रंगपंचमीला राजवाड्याकडे गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, कव्हर करायला गेले होते. एका जुन्या घराच्या गॅलरीत एक आजी उभ्या होत्या, पांढरी साडी, आणि खालून टँकरवरून उडवलेला गुलाल थेट त्यांच्यापर्यंत पोचला, त्यांनी दोन्ही हात वर केले आणि तो क्षण मला मिळाला. फक्त खाली उजव्या कोपऱ्यात नगर निगमची एक सफाईवाली बाई झाडू घेऊन उभी होती, अंगात नारिंगी जॅकेट, आणि त्या जॅकेटमुळे नजर सारखी तिकडेच जात होती. डेडलाइन होती, मी फोटो कॅमेऱ्यातून फोनवर घेतला आणि इरेजरनं तिला काढून टाकलं. दहा सेकंदांचं काम. पेपरनं पहिल्या पानावर छापला, खूप कौतुक झालं. आता संपादक सर म्हणतायत स्पर्धेला पाठवू, पण तिथे रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातली न बदललेली मूळ फाइल, मागतात. शिवाय तोच फोटो पुढच्या महिन्यात आमच्या ग्रुपच्या प्रदर्शनात लागणार आहे. नवरा म्हणतो सगळेच करतात, एआयच्या जमान्यात एक झाडू कोण बघतंय. माझे आजोबा स्टुडिओ चालवायचे, निगेटिव्हवर टचिंग करायचे, मिटलेले डोळे उघडायचे, वारलेल्या माणसाला फॅमिली फोटोत बसवायचे. ते खोटारडे होते का? ते नव्हते तर मी कशी? सरांना सांगू, का गपचूप स्पर्धेला नाही म्हणू?

बेटा,

आधी उत्तर देऊन टाकतो, बाकीचं मग बोलू, कारण पत्रावरून वाटतंय तुला चार दिवस झोप नाहीये. सरांना सांग. रॉ फाइल मागितली म्हणून सांगू नकोस, फोटो छापून झालाय म्हणून सांग. गपचूप स्पर्धेला नाही म्हणालीस तर स्पर्धेतून सुटशील, पण त्या सकाळी पोहे-जलेबी खाता खाता ज्यांनी ज्यांनी तो फोटो पाहिला आणि काल राजवाड्यावर असं होतं असं मनात धरलं, त्यांच्या डोक्यात तो अजून तसाच बसलाय की.

आता आजोबांचं. ते खोटारडे नव्हते, आणि हे मी तुला बरं वाटावं म्हणून म्हणत नाहीये. मी डार्करूममध्ये शिरलो तेव्हा इंदुरात टचिंग करणारे जुने हात अजून होते. उतरतं टेबल, मध्ये दुधी काच, खाली आरसा लावून खिडकीचा उजेड त्या काचेवर घ्यायचा, पेन्सिलीचं शिसं सँडपेपरवर घासून घासून सुईसारखं करायचं, आणि निगेटिव्हवर आधी कापसानं मीडियम फिरवायचं म्हणजे शिसं धरतं. चेहऱ्यावरची सुरकुती निगेटिव्हमध्ये पारदर्शक रेघ होऊन येते, ती शिशानं हळूहळू भरली की प्रिंटमध्ये तेवढी जागा उजळ उतरते. एकेका चेहऱ्याला तास तास जायचा. आणि चांगला टचिंगवाला सुरकुती पूर्ण कधीच काढायचा नाही, निम्मी ठेवायचा, नाहीतर माणूस मेणाचा दिसतो हे त्याला कुणी शिकवलेलं नसायचं, हाताला कळायचं. तुझ्या आजोबांच्या हाताला पण कळलं असणार.

आणि आपल्या गावात हे काही नवं नाही. लाला दीनदयाळ १८६६ साली इंदूरला बांधकाम खात्यात नोकरीला लागले, कॅमेरा त्यांनी इथेच हातात घेतला, तुकोजीराव होळकरांनी त्यांना उचलून धरलं, पुढे निजामाच्या दरबारात ते राजा दीनदयाळ झाले. त्या जमान्यात राजेरजवाड्यांचे फोटो सर्रास वरून रंगवायचे, पागोट्याला लाल, मोत्यांना पांढरा, मागे जो नव्हताच तो पडदा आणि जी नव्हतीच ती बाग, कधी कधी तर इतका रंग चढायचा की खाली फोटो आहे हेच कळायचं नाही. यात कुणी फसत नव्हतं. बघणाऱ्याला माहीत असायचं की हे रंगवलेलं आहे, आणि काढून घेणाऱ्याला तेच हवं असायचं. वारलेल्या कुणा नानांना आजोबांनी फॅमिली फोटोत बसवलं तेव्हा त्या घरातल्या लहान पोरालासुद्धा माहीत होतं की नाना आता नाहीत. भिंतीवरच्या त्या फोटोनं त्या घराला एकही खोटी गोष्ट सांगितली नाही, उलट जी गोष्ट त्यांना बोलता येत नव्हती ती सांगितली.

पण एक विचार. त्याच आजोबांकडे, त्याच टेबलावर, स्थळासाठीचा फोटो पण यायचा. मुलीचा. आणि बरोबर आलेली आई हळूच म्हणायची, जरा रंग उजळ करा हो. हे प्रत्येक स्टुडिओत व्हायचं, मी ऐकलंय. पेन्सिल तीच, काच तीच, हात तोच, आणि तरी मला हे काम पहिल्या कामासारखं कधी वाटलं नाही. कारण हा फोटो भिंतीवर लागणार नव्हता, तो पाकिटातून उज्जैनला नाहीतर देवासला जाणार होता, ज्यांनी मुलीला पाहिलंच नाही त्यांच्या हातात, आणि ते त्यावर विश्वास ठेवून गाडी पकडून येणार होते. आल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसायचं ते त्या मुलीला सोसावं लागायचं, टचिंगवाल्याला नाही. म्हणून मला वाटतं की फोटोला हात लावला का नाही, एवढ्यावर काही ठरत नाही. हा फोटो कोणाच्या हातात जाणार, तो माणूस काय समजून बघणार, आणि त्याला जे माहीत नाही त्याचा फायदा आपण घेतोय का, हे बघायचं. तुझे आजोबा बहुतेक वेळा भिंतीवरच्या फोटोच्या बाजूला होते, कधीतरी स्थळाच्या फोटोच्या बाजूला गेले असतील. आपण सगळेच जातो, माझं पुढे सांगतो.

तर पेपरचा फोटो. पेपरात फोटो छापला की त्याच्याखाली न लिहिलेलं एक वाक्य असतं, मी तिथे होते आणि माझ्यासमोर हे असं होतं. लोक ते वाक्य वाचतात, कॅप्शन वाचायच्या आधी. तुझ्या केसच्या अगदी जवळची एक गोष्ट सांगतो. नार्सिसो कोन्त्रेरास नावाचा फोटोग्राफर असोसिएटेड प्रेस, म्हणजे एपी, या वृत्तसंस्थेसाठी सीरियाच्या युद्धात काम करत होता, एपीच्या ज्या टीमला २०१३ चं पुलित्झर मिळालं त्यात हा पण होता, म्हणजे कुणी ऐरागैरा नाही. त्यानं एका लढवय्याचा फोटो काढला आणि खाली डाव्या कोपऱ्यात दुसऱ्या पत्रकाराचा व्हिडिओ कॅमेरा पडलेला दिसत होता तो शेजारची माती क्लोन करून झाकला. बास, एवढंच. नंतर त्यानं स्वतः ऑफिसला सांगितलं. एपीनं त्याचे जवळजवळ पाचशे फोटो तपासले, दुसरा एकही गडबडीचा सापडला नाही, त्या कोपऱ्याला बातमीच्या दृष्टीनं फार महत्त्व नाही हे पण त्यांनी मान्य केलं, आणि तरी जानेवारी २०१४ मध्ये त्याच्याशी संबंध तोडले. मला तेव्हा हे फार कठोर वाटलं होतं, अजूनही थोडं वाटतं, जिवावर उदार होऊन काम करणारा माणूस, चूक आपणहून सांगतो आणि त्याला दार दाखवता. पण ते पाचशे फोटो बघ ना. एका कोपऱ्यासाठी त्याच्या प्रत्येक फोटोकडे संशयानं बघावं लागलं. रॉयटर्स वृत्तसंस्थेनं २००६ मध्ये बैरूतचा धूर वाढवलेला एक फोटो सापडल्यावर त्या फोटोग्राफरचे सगळे ९२० फोटो विक्रीतून काढून टाकले, त्यातले कितीतरी खरेच असणार. मग खऱ्यांचं काय झालं? ते पण गेले.

म्हणून खोटं नाही सांगत, तुझं पेपरचं काम जाऊ शकतं. सर चांगले असतील तर राहील, पण जाईल असं धरूनच सांगायला जा, म्हणजे बोलताना आवाज हलणार नाही.

आता त्या बाईबद्दल बोलायचंय, आणि इथे मला तुझ्यावर थोडं रागवायचंय. पत्रात तू लिहिलंस, तिच्यामुळे सगळी नजर तिकडे जात होती. अगं मग जाऊ द्यायची होती! तू इंदूरची, तुला काय सांगायचं, गेर म्हणजे काय असते, लाखांनी माणसं, टँकर, गुलालाचे लोट चार मजले चढतात, आणि सगळं संपल्यावर राजवाड्यापासून सराफ्यापर्यंतचा रस्ता रंगानं, चपलांनी, प्लॅस्टिकनं भरून जातो. आणि काही तासांत तो रस्ता धुऊन मोकळा. कोण करतं ते? २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात वर्षामागून वर्ष आपला पहिला नंबर आला, आपण छाती फुगवून पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना सांगतो, बघा आमचं इंदूर. तो नंबर ती बाई आणते. वर गॅलरीत आजी दोन्ही हात वर करून रंग घेतायत आणि खाली ती झाडू धरून थांबलीय, की हे सगळं खाली पडलं की माझं काम सुरू. अख्खी गेर एका फ्रेममध्ये आली होती तुझ्या, वरची पण आणि खालची पण. तुला ती मिळाली आणि तू तिला घाण समजून पुसलीस. मुद्दाम नाही, मला माहीतेय. दहा सेकंदांत माणूस विचार करत नाही, हात चालतो, आणि हात जी सवय आहे तसाच चालतो, आणि त्या बाईला न बघायची सवय आपल्या सगळ्यांना आहे. हे मी तुला एकटीला नाही म्हणत.

मला कशी कळली ही गोष्ट ते सांगतो. ऐंशीचं दशक होतं, मी एका पेपरच्या प्रोसेस विभागात होतो. अनंत चतुर्दशीची रात्र, गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, निघाल्या होत्या, तुम्हाला आताच्या झांक्या माहीत आहेत पण तेव्हा गिरण्या चालू होत्या आणि कामगार महिना महिना राबून त्या झांक्या करायचे, दिवे, हलणारी चित्रं, पुराणातले प्रसंग, रात्रभर सगळं गाव जागं. एका झांकीसमोरचा फोटो आला, मध्ये पुढारी, गळ्यात हार, दोन-तीन भारी कपड्यातली माणसं, आणि एका कडेला बनियनमधला एक कामगार, हाताला ग्रीस, तोंडभर हसू. झांकी त्यानंच बांधलेली असणार, त्या उभं राहण्यावरून कळत होतं. डेस्कवरून निरोप आला, त्या कडेच्या माणसाला उडव, फोटो बिघडवतोय. मी पोस्टरचा काळा घेतला, दोन नंबरचा ब्रश, रात्रीचाच फोटो असल्यामुळे मागे सगळा अंधार, पाच मिनिटांत त्याला अंधारात बुडवला. कडेनं इतकी सफाईनं की मला स्वतःचं कौतुक वाटलं. सकाळी छापून आलं, कुणाला काही कळलं नाही, मी विसरलो.

नंतर किती वर्षं गेली, गिरण्या बंद पडल्या, हुकुमचंद मिल १९९१ ला बंद झाली. एक मुलगा ऑफिसात आला, हातात घडी घालून घालून चिरलेलं कात्रण. वडील वारले होते. घरी त्यांचा धड एक फोटो नव्हता, आणि ते सारखे हे कात्रण दाखवून सांगायचे की मी इथे उभा होतो, साहेबांच्या शेजारी. बोट ठेवून सांगायचे. मुलगा म्हणाला, इथे तर काही दिसत नाही, पण बाबा खोटं बोलायचे नाहीत, तुमच्याकडे मोठा फोटो असेल तर बघता का. मी कात्रण हातात घेतलं, त्या काळ्या जागेवरची शाई बोटानं घासून घासून पुसट झाली होती.

निगेटिव्ह कधीच टाकून दिली होती. प्रिंट मात्र पाकिटात होता. पोस्टरचा रंग पाण्यानं निघतो, मी कापूस ओला करून हळूहळू पुसत गेलो, आधी बनियन दिसलं, मग खांदा, मग हसू आलं. ब्रशच्या बारीक रेघा चेहऱ्यावर राहिल्याच, त्या नाही गेल्या. मुलानं तो तसाच घेतला आणि माझे आभार मानले, मी कोण हे त्याला माहीत नव्हतं आणि मी सांगितलंही नाही. सांगायला हवं होतं. तू जे विचारतेयस, सांगू का गप बसू, ते मला त्या दिवशी स्वतःला विचारायचं होतं आणि मी गप बसलो, म्हणून तुला इतक्या ठामपणे सांग म्हणतोय.

बरं, कामाचं थोडं. तुला वाटेल मग काहीच करायचं नाही का. करायचं. उजेड कमी-जास्त कर, रंगाचा पिवळेपणा काढ, सेन्सरवरच्या धुळीचा डाग काढ, वाकडं क्षितिज सरळ कर, क्रॉप कर. यातलं बहुतेक आम्ही एन्लार्जरखाली हातानं करायचो, एखादी जागा जास्त उजेड देऊन जाळायची म्हणजे ती गडद होते, एखादी झाकून धरायची म्हणजे ती उजळ राहते. यातही माणूस खोटं बोलू शकतो बरं का. १९९४ मध्ये टाइम मासिकानं खुनाचा आरोप झालेल्या ओ. जे. सिम्पसनचा पोलिसांनी काढलेला फोटो काळवंडून कव्हरवर घेतला, त्याच आठवड्यात न्यूजवीकनं तोच फोटो साधा छापला, स्टॉलवर दोन्ही शेजारी शेजारी, आणि लोकांना दिसलं की एका काळ्या माणसाला आणखी काळा करून आणखी भीतीदायक केलंय. कुणालाही पुसलं नव्हतं तिथे. आणि एडिटिंग अजिबात न करताही खोटं बोलता येतं. फेलिचे बेआतो नावाचा फोटोग्राफर १८५८ मध्ये लखनौला पोचला, सत्तावनच्या उठावातली सिकंदरबागेतली कत्तल आधीच्या नोव्हेंबरात होऊन गेलेली, त्याच्या प्रसिद्ध फोटोत अंगणभर सांगाडे पसरलेले दिसतात, आणि ते फोटोसाठी उकरून मांडले होते असं मानतात. निगेटिव्ह एकदम स्वच्छ. तेव्हा क्रॉप करतानाही स्वतःला विचार, मी ज्याला बाहेर ठेवतेय त्याला बघून वाचणाऱ्याचं मत बदललं असतं का. क्रॉपमध्ये निदान कडा दिसते, कळतं की याच्या पलीकडे जग होतं. इरेजर त्या जागी नसलेला रस्ता बनवून देतं, तुझ्या फोटोतला तो उजव्या कोपऱ्यातला रस्ता राजवाड्यासमोर नाहीचे, कुठेच नाहीये.

एक ठिकाण आहे जिथे झाकणं हेच बरोबर. अत्याचार झालेलं मूल असेल तर त्याची ओळख दिसू न देणं हे पॉक्सो कायद्यानंच बंधनकारक आहे. पण तिथे चेहरा धूसर केलाय हे दिसतं. झाकलं ते दिसतंय, कुणी फसत नाही, आणि ज्याला झाकलं त्याच्या भल्यासाठी झाकलं.

आता प्रदर्शन, हा तुझा प्रश्न मला जास्त आवडला. कलेत तुला मोकळीक आहे, पूर्ण आहे, कुणी काही म्हटलं तरी. फोटो आल्यापासून लोक जोडतायत, रेजलँडर नावाच्या फोटोग्राफरनं १८५७ मध्ये तीसेक निगेटिव्ह एकत्र करून एकच मोठं चित्र उभं केलं होतं, तेव्हा कॉम्प्युटरच्या बापाचा पण जन्म नव्हता. आणि आपल्या जवळचं उदाहरण घे. इंदूरच्या चित्रकला शाळेत शिकलेले चित्रकार बेंद्रे १९५० साली बडोद्याला गेले, तिथल्या फाइन आर्ट्सचा चित्रकला विभाग त्यांनी उभा केला, त्याच बडोद्यात पुढे चित्रकार विवान सुंदरम शिकले. प्रसिद्ध चित्रकार अमृता शेरगिल त्यांची मावशी. विवानचे आजोबा उमरावसिंग शेरगिल यांनी घरच्या लोकांचे, स्वतःचे, ढीगभर फोटो काढून ठेवले होते, आणि २००१-०२ च्या सुमाराला विवाननी ते कॉम्प्युटरवर घेऊन एकमेकांत मिसळले, वेगवेगळ्या वर्षांतली, वेगवेगळ्या घरांतली माणसं एका खोलीत आणली, म्हातारे आजोबा आणि तरुण मावशी एकमेकांकडे बघतायत असं. अमृता १९४१ ला गेल्या, विवान १९४३ चे, म्हणजे ज्या मावशीला कधी पाहिलंच नाही तिच्याशी ते या फोटोंमधून बोलले. तुझ्या आजोबांनी नानांना फॅमिली फोटोत बसवलं त्याच्याच जवळचं काम आहे हे, मला तर एकच वाटतं. आणि विवाननी कुठेही म्हटलं नाही की हे असं घडलं होतं. उघड सांगितलं, हे मी नव्याने रचलंय.

पण एकच फोटो दोन्हीकडे चालवता येत नाही, यात मोठे मोठे अडकलेत. स्टीव्ह मॅकरी, अफगाण मुलीचा फोटो ज्याचा, त्याच्या इटलीतल्या प्रदर्शनात २०१६ मध्ये क्यूबाच्या रस्त्याचा एक प्रिंट लागला होता, एका बघणाऱ्याला दिसलं की खांबाचा तुकडा भलतीकडेच गेलाय, एडिटिंगमध्ये गडबड. मग लोकांनी जुने फोटो काढून बघितले, एकातून मुलगा गायब, दुसऱ्यातून माणसं गायब. मॅकरी म्हणाला, मी आता पत्रकार नाही, मी चित्रांतून गोष्ट सांगणारा आहे. असेल, मी त्याचं म्हणणं खोटं म्हणत नाही. पण ज्यांनी इतकी वर्षं ते फोटो पाहिले त्यांना हे आधी कुणी सांगितलं होतं का? तुझा गेरचा फोटो पेपरातून लोकांच्या मनात गेलाय, तो प्रदर्शनात कला म्हणून लागला तरी बघणारा म्हणेल, अरे हा तर तो पेपरवाला. त्यामुळे या फोटोचं बदललेलं रूप प्रदर्शनात लावू नकोस असं माझं मत. खरा लाव, मोठा लाव, बाईसकट. आणि तुला पुसायचंच असेल, रचायचंच असेल, तर दुसरे फोटो घे आणि खाली लिही, हे मी रचलंय. एवढी एक ओळ लिहायला लाज वाटत असेल तर मात्र ते काम भिंतीवर लावायच्या लायकीचं झालेलं नाही असं समज.

नवऱ्याला माझा नमस्कार सांग, आणि सांग की एआय आहे म्हणूनच. जेव्हा कुणीही घरी बसून गेरचा फोटो बनवू शकतो तेव्हा गर्दीत धक्के खात, कॅमेऱ्याला प्लॅस्टिक गुंडाळून, केसात गुलाल घेऊन उभ्या राहणाऱ्या तुझ्याकडे जास्तीचं काय राहिलं? तू तिथे होतीस हेच ना? ते पण पुसून टाकलंस तर पेपरनं तुला पैसे कशाचे द्यायचे? आणि सगळे करतात म्हणतो तर २०१५ मध्ये वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेच्या शेवटच्याच्या आधीच्या फेरीत पोचलेल्या फोटोंपैकी वीसेक टक्के फोटो मूळ फाइलशी ताडून बघितल्यावर बाद झाले होते. करतात, हो, बरेच करतात. सापडतातही.

सांगायचं कसं ते सांगतो. फोनवर नको, व्हॉट्सअॅपवर तर नकोच. वेळ मागून समोर जा, दुपारी, मीटिंगच्या आधी, संध्याकाळी पान लावायच्या वेळी कुणाला डोकं नसतं. लॅपटॉपवर दोन्ही फोटो शेजारी शेजारी उघडून ठेव आणि एका वाक्यात सांग, सर, छापलेल्या फोटोत मी खालच्या कोपऱ्यातली सफाई कर्मचारी काढली होती, हा मूळ आहे. डेडलाइनचं सांगू नकोस, ते त्यांना माहीतेय. मग म्हण की भूल-सुधार छापा आणि शक्य असेल तर मूळ फोटो त्याच आकारात छापा. नाही म्हणाले तर आग्रह धर, दोनदा विचार, मग लेखी मेल टाकून ठेव. स्पर्धेला या वर्षी हा फोटो पाठवू नका असंही सांग. मूळ फोटो नियमात बसतो, मला माहीतेय, पण आधी चूक छापली जाऊ दे. आतापर्यंत पेपरला दिलेले बाकीचे फोटोही काढून बस, कुठे असं काही केलं असेल तर आत्ताच त्याच बैठकीत सांग, तुकड्या तुकड्यानं सांगितलेलं माणसाला जास्त लागतं. कार्ड फॉरमॅट करू नकोस. रॉ फाइल दोन ठिकाणी ठेव.

आणि एक काम माझ्यासाठी कर. मूळ फोटोचा दहा बाय बाराचा प्रिंट काढ, चांगल्या कागदावर, आणि सकाळी सहाला राजवाड्याकडे जा, त्या बीटवर कोण असतं ते तिथल्या कुणालाही विचार, सांगतील. ती भेटली की प्रिंट दे. तिला पुसलं होतं हे सांगायचं का नाही ते तिच्यासमोर उभी राहशील तेव्हा तू ठरव. नाव मात्र विचारून घे, भूल-सुधारात तिची हरकत नसेल तर ते यायला हवं.

आजोबांचं टचिंगचं टेबल अजून घरात असेल तर विकू नकोस. काच फुटली असेल तर दुधी काच अजूनही मिळते, बसवून घे.

तुझा,
काका